जामीन

२०२३च्या मार्चअखेरीला मी आमच्या पतसंस्थेच्या थकबाकीच्या नोटिसा टाईप करत होते. मजकूर ठरलेला असतो, नाव, रक्कम आणि तारीख तेवढी बदलायची. कर्जदाराला एक आणि प्रत्येक जामीनदाराला एकेक. एका फायलीत दुसऱ्या जामीनदाराच्या रकान्यात माझंच नाव होतं. मी ते टाईप केलं, प्रिंट काढली, पाकिटावर बेळगावातल्या अनगोळचा माझ्याच घरचा पत्ता लिहिला, आणि मग हात थरथरायला लागले. बाकी होती १ लाख ८६ हजार. ज्या बाईंसाठी सही केली होती त्या गाव सोडून गेल्या होत्या.

रात्री नवऱ्यानं शांतपणे विचारलं, "अशी अजून कितीजणांना जामीन आहेस?"

मी बोटं मोजली. पाच. त्यातल्या दोघांची मला नीट ओळखही नव्हती. फॉर्म घेऊन समोर उभे राहिले, तोंड बारीक केलं, आणि मी सही केली. दुसऱ्याचं तोंड उतरलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो आणि तो गोळा जाईपर्यंत मी काहीही कबूल करते, हे मला माहीत होतं. पण तो स्वभाव आहे असंच मी धरून चालले होते. सगळे म्हणायचेही, फार मायाळू बाई आहे.

त्याच महिन्यात पोटातली जळजळ इतकी वाढली की दुर्बीण घालून तपासणी करावी लागली. काही निघालं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "लहानपणी घरात कुणी प्यायचं का?" असा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात की माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "वडील. पण त्यांनी सोडून अकरा वर्षं झाली." ते म्हणाले, "त्यांनी सोडली. तुमचं काय?"

मी बेळगावजवळच्या मच्छेत वाढले. अप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होते. सायकलनं जायचे, सायकलनं यायचे. शनिवारी बटवडा, म्हणजे आठवड्याचा पगार. बेळगावातून येताना लागणारं तिसरं रेल्वे गेट त्यांच्या वाटेत येतच नव्हतं, तरी आई दर शनिवारी म्हणायची, "गेटाला अडकलं असतील." साखरेचं पुडकं आणायला टिळकवाडीकडं गेले असतील, मग गेट पडलं असेल, असा तिचा हिशेब. तिचं ते वाक्य मी इतकं ऐकलंय की आजही तिथं गाडीची वाट बघत थांबले की छाती जड होते.

अंगणात फरशीचा एक तुकडा होता, त्यावर अप्पा सायकल लावायचे. स्टँड एका दणक्यात खट्ट करून बसलं तर अप्पा शुद्धीत आहेत. दोन-तीनदा पाय मारावा लागला, लोखंड फरशीवर घासलं, तर पिऊन आलेत पण जेवतील, झोपतील. आणि सायकल पडली तर. सायकल पडल्याचा आवाज आला की मी आधी धाकट्याला मागच्या दारानं शेजारच्या आक्कांकडं पाठवायची, मग विळा उचलून भाताच्या पोत्यामागं ठेवायची, मग चुलीवरची आमटी उतरवायची, कारण गरम भांडं भिरकावलं तर भाजतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हा क्रम मी नऊ-दहा वर्षांची असताना बसवला. अभ्यास करताना माझा एक कान कायम त्या फरशीवर असायचा. शाळेत मला हुशार म्हणायचे, आणि कुडुकाची पोर पण म्हणायचे. कुडुक म्हणजे दारुडा, हा कानडी शब्द आमच्याकडं मराठीतच जमा आहे.

तेव्हा सारायीची, म्हणजे देशी दारूची, पाकिटं मिळायची. दुधाच्या पिशवीसारखं प्लॅस्टिक, कोपरा दातानं फाडायचा. कर्नाटक सरकारनं १ जुलै २००७ पासून सारायी बंद केली तेव्हा आईनं देवापुढं नारळ फोडला. पंधरा दिवसांत अप्पा दारूच्या नव्वद मिलीच्या खोक्यांवर आले. पैसे जास्त लागायला लागले, एवढाच फरक. चोर्ला घाटातून येणारी गोव्याची स्वस्त बाटली तर होतीच.

आईनं काय काय केलं ते सगळं इथं लिहीत नाही. एक मात्र लिहिते, कारण अजूनही बायका हे करतात. कुणीतरी तिला एक पूड आणून दिली, न सांगता जेवणात मिसळायची. तिनं आमटीत घातली. अप्पांचं तोंड लालबुंद झालं, उलट्या झाल्या, छाती धडधडायला लागली, आम्ही रात्री रिक्षा शोधत धावलो. त्या पुडीत काय होतं ते कधी कळलं नाही. पण दारू सोडवायचं डायसल्फिराम नावाचं जे औषध आहे त्याचं दारूबरोबर असंच होतं. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. चोरून दिलं तर जीव जाऊ शकतो. आई बिचारी त्या रात्री म्हणत होती, "मी त्यांना मारलं असतं." ती त्यांना वाचवायला निघाली होती.

२०११च्या पावसात अप्पा सायकलवरून पडून पाय मोडला. दवाखान्यात दारू बंद झाली आणि तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या, अंग थडथड उडायला लागलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे होऊ शकतं आणि तेही जिवावरचं असतं. म्हणून घरात कोंडून दारू सोडवू नये. ते दवाखान्यात होते म्हणून वाचले. पुढच्या वर्षी काकांनी त्यांना पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. पस्तीस दिवस राहिले. परत आले ते पुन्हा प्यायले नाहीत. हे फार मोठं आहे आणि ते मी कधीच कमी लेखणार नाही. भावकीत जेवण झालं, आईनं तेराव्या महिन्यात नवं लुगडं नेसलं.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, लग्न झालं होतं. सगळे मला म्हणाले, सुटलीस बघ. मला मात्र सुटल्यासारखं काही वाटलं नाही, आणि त्याची मला लाज वाटली. नवरा निर्व्यसनी, छापखान्यात काम करतो. त्याला यायला अर्धा तास उशीर झाला की मी दाराच्या फटीशी उभी. किल्ली कुलपात कशी फिरते त्यावरून त्याचा मूड ओळखायची. माझी मुलगी आठ वर्षांची असताना एकदा मला विचारत होती, "आई, तू दाराला कान लावून काय ऐकतेस?"

डॉक्टरांनी समुपदेशन सुचवल्यावर मी आधी ज्या बाईंकडे गेले त्या कानडी बोलणाऱ्या. कौंटरवर मी दिवसभर कानडी बोलते, अडत नाही. पण त्यांच्यासमोर बसून "अप्पा" म्हटलं आणि पुढचं वाक्य येईना. रक्कम, तारीख, सही, हप्ता हे सगळं मला कानडीत येतं. अंधारात भाताच्या पोत्यामागं विळा लपवताना मनात जे चालायचं ते मराठीतच चाललं होतं, ते दुसऱ्या भाषेत उचललंच जाईना. बाई फार चांगल्या. तिसऱ्या वेळी त्यांनीच सांगितलं, "तुम्ही हे तुमच्या आईच्या भाषेत बोला," आणि निपाणीकडच्या एका मॅडमचं नाव दिलं. आपल्या भागात हे कुणालाही लागू पडेल, म्हणून लिहिलं. समुपदेशक शोधताना भाषा विचारायला संकोचू नका. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२पासून आहे, क्रमांक १४४१६, फुकट आणि चोवीस तास.

मॅडमकडं मी दर पंधरवड्याला शनिवारी दुपारी जायची. शनिवार मीच मागून घेतला होता, अर्धी सुटी असते म्हणून. बटवड्याचा वार आपण निवडलाय हे चौथ्या भेटीत लक्षात आलं.

पहिले दीड-दोन महिने आम्ही अप्पांविषयी फारसं बोललोच नाही. मला घाई होती, सगळं एकदाच ओकून टाकायचं होतं. त्या थांबवायच्या. म्हणायच्या, अंग आधी. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही तळवे जमिनीला लावून, श्वास चार आकडे मोजत आत आणि सात मोजत बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाची धडधड उतरते. हे मला पहिल्यांदा फार किरकोळ वाटलं. पण खोलीतून बाहेर पाण्याचा पिंप कुणी सरकवला, लोखंड घासल्याचा आवाज आला आणि मी अर्धी उठले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बघा, तुमच्या डोक्याला माहीत आहे की अप्पा आता पीत नाहीत. खांद्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही." मी घरी येईपर्यंत रडत होते. खांद्यांना सांगायचं राहिलंय, हे मला कुणीच म्हटलं नव्हतं.

त्यांनी मला वाचायला दिलेल्या कागदांत एक यादी होती. न्यूयॉर्कमध्ये दारूच्या घरांत वाढलेली तरुण मुलं एकत्र जमायची, त्यांच्यातल्या एकानं १९७८मध्ये आपल्या सगळ्यांतल्या सारख्या खुणा लिहून काढल्या. चौदा. रागावलेल्या माणसाची धास्ती, दुसऱ्याच्या शाबासकीवर जगणं, स्वतःसाठी उभं राहिलं की अपराधी वाटणं, दयेला प्रेम समजणं. मी वाचत गेले आणि अंगावर काटा आला. सातासमुद्रापलीकडं, माझ्या जन्माच्या आधी, कुणीतरी मला ओळखत होतं. अमेरिकेतच सान डिएगोला १९९०च्या दशकात सतरा हजारांवर माणसांचं बालपण आणि आजारपण ताडून पाहिलं गेलं. घरातलं व्यसन हा त्यातला एक प्रश्न होता. बालपणीचे असे घाव जितके जास्त, तितकं मोठेपणी दुखणंही जास्त, असं त्यात दिसलं. माझ्या पोटातल्या जळजळीकडं मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघितलं.

मग एका शनिवारी जामिनाचा विषय निघाला. मॅडमनी विचारलं, "पहिल्यांदा कुणाला जामीन राहिलात?"

मी २०१४ सांगितलं, एक मावसभाऊ.

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी कुठलं, म्हणत मी थांबले. आणि दुकान आठवलं. गावातलं किराणा दुकान, उधारीच्या लांबट लाल वह्या. अप्पांच्या नावावर द्यायचं त्यानं बंद केलं होतं. आईनं मला पाठवलं. मी फळीला हात टेकून उभी होते, हनुवटी जेमतेम वर यायची. दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझ्या बाच्या नावावर न्हाई देणार. तुझ्या नावावर लिव्हतो. तू देणार नव्हं?" मी म्हटलं, "देणार." त्यानं पेन्सिल जिभेला लावली आणि वहीच्या वर माझं नाव लिहिलं. त्या दिवशी दोन किलो तांदूळ, पावशेर गोडंतेल, एक काडेपेटी. पुढं दर शनिवारी मी अप्पांच्या खिशात हात घालायची, ते झोपल्यावर, आणि सोमवारी दुकानात द्यायची. उरायचंच काहीतरी. रात्री अंथरुणात मी त्या आकड्याची बेरीज करायची.

"वय किती होतं?"

"अकरा."

मॅडम जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्या पतसंस्थेत अकरा वर्षांच्या मुलीची जामिनाची सही चालते का?"

मी सवयीनं उत्तर दिलं. "नाही. अज्ञान." अठरा पूर्ण नसलेल्याला आम्ही कागदावर अज्ञानच लिहितो. १८७२चा करार कायदा आहे, अज्ञान व्यक्तीनं केलेला करार होतच नाही. आणि त्याच कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. ही दोन्ही वाक्यं मी हजार वेळा लोकांना समजावून सांगितली असतील. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्याच कानावर पडली. मी किती वेळ रडले मला माहीत नाही. बाहेर पुढची माणसं थांबली होती, मॅडमनी त्यांना अर्धा तास थांबवलं.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. जखम उघडल्यावर दुखतं ते खरं. मला आईचा राग यायला लागला, अप्पांपेक्षा जास्त. तिनं मला दुकानात का पाठवलं? गणपतीत मच्छेला गेले तेव्हा मी ते बोलून टाकलं, मोदक वळता वळता. आईनं हातातली पारी ताटात टाकली. "आता सोडलंय नव्हं त्येंनी? मग कशाला उकरून काढालीस? माझं कोण होतं गं तेव्हा?" तिचंही खरं होतं. धाकटा गोव्यातल्या वेर्ण्याहून आला होता, तो उठून बाहेर गेला. तो कधीच प्यायला नाही, पण वर्षातून एकदा गणपतीलाच घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी निघतो. तो त्याचा इलाज. मी दोन महिने मॅडमकडं गेले नाही. फोन आला की कामात आहे म्हणायची.

परत गेले ते एका मिटिंगमुळं. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट आहेत, १९५१पासूनचे, पिणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसपेक्षा (एए) वेगळे. मी फोनवरच्या मराठी मिटिंगला बसायची, नाव न सांगता. एक आजी बोलत होत्या, सत्तरीच्या असाव्यात. त्या म्हणाल्या, माझ्या वडलांची दारू मी लावली नव्हती, मला ती आवरता आली नसती, आणि मला ती बरी करता आली नसती. हे मला समजायला साठ वर्षं लागली. त्यांचा आवाज स्वच्छ होता, रडका नव्हता. मला वाटलं, साठ वर्षं नको. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला.

मग "नाही" म्हणायची तालीम. खरोखरची तालीम, मॅडम फॉर्म घेऊन समोर उभ्या राहायच्या, तोंड बारीक करायच्या. "मला जमणार नाही" एवढंच म्हणायचं, पुढं कारण जोडायचं नाही. कारण जोडलं की समोरचा ते कारण सोडवून देतो. पहिल्या वेळी माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. पाचपैकी तीन कर्जांत बदली जामीनदार द्यावा म्हणून मी लेखी अर्ज केले. जामीनदाराला मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही, संस्थेनं दुसरा मान्य करावा लागतो. दोन ठिकाणी बदल झाला. मावसभाऊ वर्षभर बोलला नाही. त्या पळून गेलेल्या बाईंचे हप्ते मी अजून भरते आहे, ती सही सज्ञानपणी केलेली होती.

अप्पांशी बोलणं सगळ्यात शेवटी झालं, गेल्या पावसाळ्यात. आम्ही माळावर रताळ्याचे वेल लावत होतो. ते कोयत्यानं वेलाचे वीतभर तुकडे करून देत होते, मी सरीवर दाबत होते. मी विचारलं, "अप्पा, माझ्या गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री तुम्ही सायकलसकट दारात पडला होता. मी आणि आईनं ओढून आत घेतलं. तुम्ही माझं हॉलतिकीट फाडलं होतं. पिठाच्या खळीनं चिकटवून मी दहावीच्या एसएसएलसीला बसले. आठवतंय?"

त्यांचा हात थांबला. बराच वेळ त्यांनी वेलाकडं बघितलं. मग म्हणाले, "न्हाई गं. खोटं कशाला सांगू. कायबी आठवत न्हाई."

मी वीसहून जास्त वर्षं त्या रात्रीची माफी मागितली जाण्याची वाट बघत होते, आणि ती रात्र त्यांच्याकडं नव्हतीच. मॅडमनी नंतर समजावलं, रक्तात दारू झपाट्यानं चढली की आठवण साठवायचं मेंदूतलं काम बंद पडतं. माणूस चालतो, बोलतो, फाडतो, पण नोंद होत नाही. विसरतात असं नाही, लिहिलंच जात नाही. ती रात्र एकटी मीच सांभाळून होते. आईही म्हणते, तिकिटाचं मला आठवत नाही.

संध्याकाळी अप्पांनी हातपाय धुतले आणि चहा पिताना एकदम म्हणाले, "सांग मला. काय काय झालं तेवढं सगळं सांग." मी सांगितलं. दुकानाचंही सांगितलं, माझ्या नावावरच्या वहीचं. ते मान खाली घालून ऐकत होते, मधे एकदाही बोलले नाहीत. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती. दिवा लावायची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.

यंदा मुलीला दहाव्या वाढदिवसाला सायकल घेतली. मी नको म्हणत होते, नवऱ्याला कारण सांगितलं, त्यानं गुपचूप रबर बसवलेलं स्टँड आणलं. तरी पहिला आठवडा प्रत्येक खट्टला माझा श्वास अडकायचा. परवा संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि बाहेर सायकल धाडकन पडली. लोखंड फरशीवर. माझे दोन्ही पाय आपोआप मागच्या दाराकडं वळले, विळी कुठं आहे हे डोळ्यांनी बघूनही घेतलं. मग तव्यावरच्या भाकरीचा वास आला. मी तळवे जमिनीला टेकवले, श्वास सोडला, भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबले. खाली उतरवली, हात पुसले आणि मग बाहेर गेले, पोरीचा गुडघा बघायला.